टेम्पो दोघांचा, हप्ता एकाचा: लॉकडाऊनमधली पनवेलची एक भागीदारी



भागीदारीवरच्या व्हिडिओमध्ये मी पनवेलच्या दोन मित्रांचा ओझरता उल्लेख केला होता. व्हिडिओत वेळ कमी असतो, आणि ही गोष्ट दोन मिनिटांत सांगण्यासारखी नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. दोघांची परवानगी घेतली आहे, नावं मात्र देत नाही. एकाला आपण केटरिंगवाला म्हणू, दुसऱ्याला मंडपवाला. हिशोब डोक्यात बसावा म्हणून कर्जाचे आकडे थोडे सोपे केलेत, बाकी घडलं तसंच आहे.

दोघं एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. एकाला स्वयंपाकाचा नाद, दुसऱ्याच्या घरी वडिलांपासून मंडपाचं काम. पनवेलमध्ये हा धंदा किती मोठा आहे हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. शहरातले हॉल आहेत, नेरे-वाजे बाजूची फार्महाऊस आहेत, आणि आजूबाजूच्या आगरी-कोळी गावांत हळद तर लग्नाच्या तोडीस तोड असते. एका हळदीला हजार माणूस जेवतो. अशा वेळी यजमानाला एकच फोन करायचा असतो: मंडप, खुर्च्या, जेवण, सगळं एकाच माणसाकडून. या दोघांनी तेच ओळखलं आणि २०१८ मध्ये एकत्र आले. गोडाऊन एक, बुकिंग एक, आणि सामान वाहायला एक टेम्पो.

आता इथे लक्ष द्या. टेम्पोचं कर्ज निघालं मंडपवाल्याच्या नावावर, कारण त्याचं जुनं कर्ज व्यवस्थित फिटलेलं होतं. बुकिंगचे पैसे जमा व्हायचे केटरिंगवाल्याच्या करंट अकाउंटला, कारण त्याचं अकाउंट आधीपासून होतं. डाऊन पेमेंट अर्धं-अर्धं. कागद? एकही नाही. 'आपल्यात काय कागद करायचा' हे वाक्य मी आतापर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की त्याचे पैसे मिळाले असते तर आज मीच टेम्पो घेतला असता. पण खरं सांगतो, दोन वर्षं त्यांचं काही अडलं नाही. पैसे येत होते, महिन्याच्या शेवटी वाटून घेत होते, चहा प्यायला उरण नाक्यावर भेटत होते.

मग मार्च २०२० आला.

२२ मार्चला जनता कर्फ्यू, रविवार होता. मंगळवारी रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. ज्यांचा धंदा लग्नाचा आहे त्यांनाच कळेल की ही वेळ किती वाईट होती. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि पुढे मे अखेरपर्यंत यांची वर्षाची कमाई. एप्रिल-मे गेला म्हणजे वर्ष गेलं. पुढे लग्नांना परवानगी मिळाली ती पन्नास माणसांची. पन्नास माणसांना मंडप कशाला लागतो? घराच्या गच्चीवर होतं.

शहराचं रोजचं जगणंही विस्कटलं होतं. लोकल बंद. कामोठे, खांदा कॉलनी, नवीन पनवेल इथे राहणारे पोलीस, नर्स, वॉर्डबॉय, बेस्टचे कर्मचारी मात्र रोज मुंबईला जात होते, आणि हीच माणसं सोसायटीला नकोशी झाली होती. मार्च महिन्यात ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्यांनाच मे महिन्यात लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं गेलं. वर्षानुवर्षं एका डब्यातून प्रवास केलेले मित्र जिन्यात दिसले की दार लावून घ्यायचे. भीती होती, मान्य आहे. पण त्या भीतीत कोण कसं वागलं हे लोक विसरलेले नाहीत. आजही नाहीत.

महामार्गावरून माणसांचे लोंढे चालत जाताना पनवेलकरांनी पाहिले. मे महिन्यात पनवेल स्टेशनवरून श्रमिक स्पेशल गाड्या सुटल्या. केटरिंगवाल्याचे परप्रांतातले आचारी आणि मंडप बांधणारी पोरं त्याच दिवसांत गावी गेली. म्हणजे उद्या काम मिळालं असतं तरी करायला माणूस नव्हता.

याच काळात दोघांनी प्रत्येकी एक निर्णय घेतला, एकमेकांना न विचारता. पुढचं सगळं रामायण या दोन निर्णयांचं आहे.

केटरिंगवाल्याकडे बुकिंगच्या ॲडव्हान्ससाठी फोन सुरू झाले. "दादा, लग्न पुढे ढकललंय, आमचे पैसे परत द्या, घरात पगार नाही." गिऱ्हाईकं बहुतेक ओळखीतली, नात्यातली. त्याने अकाउंटमधून ॲडव्हान्स परत करायला सुरुवात केली. अकाउंट संपलं तेव्हा बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढून आणखी साठ हजार परत केले. धंद्याच्या दृष्टीने मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्याने २०२० मध्ये ॲडव्हान्स परत दिला त्याला २०२२ मध्ये लोकांनी शोधत येऊन काम दिलं. पण निर्णय दोघांचा होता, आणि घेतला एकाने.

तिकडे मंडपवाल्याने टेम्पोचा हप्ता थांबवला. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिन्यांची सवलत जाहीर केली होती, २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. मोरेटोरियम हा शब्द तेव्हा रिक्षावाल्याच्याही तोंडात होता. अनेकांना वाटलं, हप्ते माफ झाले. माफ काहीच झालं नव्हतं, फक्त पुढे ढकललं होतं. समजा ४ लाख रुपये बाकी आहेत आणि व्याज १२ टक्के. म्हणजे महिन्याला एक टक्का. सहा महिने काहीच भरलं नाही तर ऑगस्टअखेर बाकी होते ४ लाख २४ हजार ६०८ रुपये. यातले ६०८ रुपये हे व्याजावरचं व्याज. दोन कोटींपर्यंतच्या ठराविक कर्जांना ते परत देण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये आणली. टीव्हीवर त्याची मोठी चर्चा झाली, पण छोट्या माणसाच्या हातात आले सहाशे रुपये. चोवीस हजारांचं ओझं तसंच राहिलं. आणि ते मंडपवाल्याच्या एकट्याच्या नावावर.

मोरेटोरियम घेतल्याचं त्याने मित्राला सांगितलं नाही. का? मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, त्याच्या अकाउंटला पैसे आहेत असं मला वाटत होतं. तोच विचारेल, हप्त्याचं काय करायचं. त्याने विचारलंच नाही." केटरिंगवाल्याचं उत्तर याच्या उलटं: "मी गिऱ्हाइकांना तोंड देत होतो, याचा एक फोन नाही."

जून उजाडला. 'मिशन बिगिन अगेन'मध्ये दुकानं उघडायला लागली, तीही एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची. पी-वन, पी-टू. आठवतंय ना? माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं छोटं स्टेशनरीचं दुकान होतं, आणि बरोबर समोर त्यांच्या मैत्रिणीचं गिफ्टचं. दोघी थोडाफार सारखाच माल ठेवायच्या. ताई आपल्या दिवशी समोर आलेल्या गिऱ्हाइकाचं नाव-नंबर लिहून घ्यायच्या आणि संध्याकाळी मैत्रिणीला पाठवायच्या. मैत्रीण आपल्या दिवशी ताईंचं गिऱ्हाईक आत बोलावून आपला माल द्यायची. हे ताईंना कळलं एका गिऱ्हाइकाकडूनच. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नंबर पाठवणं बंद केलं. एवढंच. त्या दोघी आजही समोरासमोर बसतात आणि मान हलवून नमस्कार करतात.

त्याच जूनमध्ये पनवेलला आणखी एक धक्का बसला. कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने कडक निर्बंध घातले, खात्यातून पैसे काढता येईनात. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण होतं, पण ते मिळेपर्यंतचे महिने कसे काढायचे? या गावात त्या वर्षी "माझे पैसे अडकलेत" हे वाक्य प्रत्येक दुसरा माणूस बोलत होता. कोणाचं खरं आणि कोणाचा बहाणा, हे उसने दिलेल्याला कळायचा मार्ग नव्हता. शंभरातले नव्वद जण खरंच अडकलेले असतील. पण ज्याने पैसे दिलेत त्याला आपला माणूस उरलेल्या दहातला वाटायला लागतो.

आता आपल्या दोघांकडे येऊ.

केटरिंगवाल्याने जूनमध्ये घरून डबे सुरू केले. पहिली गिऱ्हाईकं कोण? तीच, सोसायटीने टाळलेली. ड्युटीवरून रात्री उशिरा येणारे पोलीस, नर्स. डबा गेटवर ठेवायचा, फोन करायचा, मागे सरकायचं. घरातली शेगडी पुरेना म्हणून गोडाऊनमधून मोठी शेगडी आणि सहा पातेली घरी आणली. सामान आपलंच तर आहे, विचारायचं कोणाला?

मंडपवाल्याने टेम्पोला 'ताजी भाजी' अशी पाटी लावली आणि वाशीच्या मार्केटमधून कांदा-बटाटा, भाजी आणून कळंबोली-कामोठ्याच्या सोसायट्यांत विकायला लागला. भाजी अत्यावश्यक, त्यामुळे पास मिळायचा. जुलैमध्ये पनवेल महापालिका क्षेत्रात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला तेव्हाही टेम्पो फिरत होता. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आली होती, दहा हजारांचं खेळतं भांडवल. पण ती २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून विक्री करणाऱ्यांसाठी. हा तर एप्रिलनंतर भाजीवाला झालेला. त्याला काही मिळालं नाही.

ऑगस्टमध्ये गणपती आले. दरवर्षी मंडपवाल्याच्या दीड दिवसाच्या गणपतीचं जेवण केटरिंगवाला करायचा, पैसे न घेता. त्या वर्षी कोणीच कोणाकडे जात नव्हतं, त्यामुळे न जाण्याला कारण आयतंच होतं. फोनही झाला नाही. माझ्या मते मैत्री तिथेच तुटली होती, भांडण फक्त नंतर झालं.

ते झालं ऑक्टोबरमध्ये, गोडाऊनच्या दारात. मंडपवाला खुर्च्या बघायला आला तर शेगडी गायब. फोन लावला. केटरिंगवाला आला तर दारात भाजीचा टेम्पो.

"कर्ज माझ्या नावावर, आणि तू आपल्या शेगडीवर एकट्याचा धंदा करतोस?"

"आणि टेम्पो काय तुझ्या एकट्याचा आहे? डाऊन पेमेंट कोणी दिलं होतं अर्धं?"

पुढचं लिहिण्यासारखं नाही. दोघांनी एकमेकांच्या घरच्यांना मध्ये आणलं. त्यानंतर अबोला.

इथे थोडा कायदा बघू, कारण दोघांनाही आपणच बरोबर आहोत अशी खात्री होती. आपला भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. लेखी करार नसला तरी भागीदारी असू शकते, आणि करार नसेल तिथे कायदा स्वतःचे नियम लावतो. नफा-तोटा सारखा. कोणी जास्त राबला म्हणून पगार मागता येत नाही. भांडवलाच्या वर एखाद्याने स्वतःचे पैसे घातले तर त्यावर वर्षाला सहा टक्के व्याज. आणि कलम १६: भागीदारीची मालमत्ता वापरून एखाद्या भागीदाराने कमाई केली तर तिचा हिशोब भागीदारीला द्यावा लागतो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. म्हणजे शेगडीवरच्या डब्यांचा हिशोब द्यायला हवा होता, आणि टेम्पोवरच्या भाजीचाही. दोघं एकाच कलमात बसतात! वकिलाकडे गेले असते तर तिसरी गंमत कळली असती. त्यांची भागीदारी नोंदणीकृत नव्हती, आणि नोंदणी नसलेल्या भागीदाराला आपल्या भागीदारीतल्या हक्कासाठी दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. भागीदारी मोडून हिशोब मागता येतो, इतकंच.

उसनवारीबद्दल पण विचारता तुम्ही, म्हणून जाता जाता. मित्राला वीस हजार किंवा जास्त रक्कम उसनी देताना रोख देऊ नका, आयकर कायद्यात ते चालत नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणि साधारण तीन वर्षांत वसुलीची मुदत संपते. मित्राने मध्ये लिहून दिलं की 'एवढे देणं आहे', तर मुदत तिथून नव्याने मोजतात. चार ओळींचा, सही केलेला कागद पुरतो.

तर अबोला सहा महिने चालला. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. पहिल्या लाटेत आकडे वाढत होते, दुसऱ्या लाटेत ओळखीची नावं यायला लागली. दुकानं सकाळी सात ते अकरा. लग्नाला पंचवीस माणसं, तेही दोन तासांत उरका, नाहीतर पन्नास हजार दंड. सलग दुसरा सीझन गेला.

मंडपवाल्याच्या घरी तिघं पॉझिटिव्ह आले. आई हॉस्पिटलमध्ये, तो, बायको आणि मुलगी घरात बंद. केटरिंगवाल्याला हे कळलं ते डबे पोचवणाऱ्या पोराकडून. त्याने काही फोन केला नाही. दुसऱ्या दिवसापासून तीन डबे दारात ठेवायला सांगितले. चौदा दिवस. वहिनींनी पहिल्याच दिवशी डबा ओळखला, भाजीच्या फोडणीवरून.

मंडपवाल्याला मात्र हे उपकार झेपेनात. त्याला वाटलं, आता हा हिशोबात मला खाली बघायला लावणार. पंधराव्या दिवशी त्याने मोबाईलवरून पैसे पाठवले. ऐंशी रुपये डबा, तीन डबे, चौदा दिवस: ३,३६० रुपये. बरोबर हिशोब, एक रुपया इकडे तिकडे नाही.

केटरिंगवाला मला म्हणाला, "सर, गोडाऊनवर त्याने शिव्या दिल्या ते मी विसरलो असतो. पण तो मेसेज आला ना, तीन हजार तीनशे साठ जमा, त्या रात्री झोप लागली नाही." त्याच रागात त्याने फोन केला. सहा महिन्यांतला पहिला. "डब्याचे पैसे पाठवलेस? लाज वाटली नाही?" पलीकडून रडण्याचा आवाज आला. आई आदल्या दिवशी घरी आली होती, बरी होऊन. त्या फोनवर धंद्याचं कोणीच काही बोललं नाही.

धंद्याचं बोलणं जूनमध्ये झालं, आणि ते दोघं माझ्याकडे आले ते तेव्हा. एकत्र राहायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी आधीच सोडवला होता: नाही. फक्त हिशोब हवा होता. मी एकच अट घातली, मागच्या वर्षीचं कोण काय बोललं ते बाजूला ठेवायचं, वहीत फक्त आकडे.

कायद्यात क्रम दिलाय. आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदाराने वरून घातलेले पैसे, मग भांडवल, आणि काही उरलं तर वाटणी. आम्ही तोच धरला. मंडपवाल्याने सप्टेंबर ते मे, नऊ महिने तेरा हजारांचा हप्ता भाजीच्या पैशातून भरला होता. त्यानंतर कर्ज राहिलं साधारण ३ लाख ४३ हजार. टेम्पो विकला ३ लाख ९० हजारांना. कर्ज फेडून उरले ४७ हजार. भांडी केटरिंगवाल्याला, कापड-खुर्च्या-बांबू मंडपवाल्याला, दोन्हीची किंमत सारखी धरली. डब्यांची कमाई याची, भाजीची त्याची. भरलेले हप्ते म्हणजे टेम्पो एकट्याने वापरल्याचं भाडं समजायचं, आणि शेगडीच्या वापराबद्दल केटरिंगवाल्याने दागिन्यांच्या कर्जाचं व्याज मागायचं नाही. हे दोघांनी आपसात ठरवलं, मी फक्त लिहीत होतो. वकिलाने कदाचित वेगळं काढलं असतं.

राहिले ते साठ हजार, ॲडव्हान्स परत करायला दागिन्यांवर काढलेले. ते भागीदारीचं देणं. टेम्पोतून उरलेले ४७ हजार केटरिंगवाल्याला गेले. कमी पडले तेरा हजार, तोटा अर्धा-अर्धा. म्हणजे मंडपवाल्याने द्यायचे साडेसहा हजार.

वहीतला शेवटचा आकडा बघून दोघंही गप्प बसले. आठ महिने तोंड बघितलं नव्हतं, आणि निघाले साडेसहा हजार.

केटरिंगवाल्याने पेन मागितलं आणि त्यातून ३,३६० वजा केले. "डब्याचे पैसे मी ठेवणार नाही." मंडपवाला काही बोलला नाही. तिथेच बसून त्याने ३,१४० रुपये पाठवले. एका कागदावर भागीदारी संपल्याचं लिहिलं, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, प्रत्येकाकडे एक प्रत.

आज दोघांचे धंदे वेगवेगळे आहेत. मंडपाचं काम आलं की केटरिंगसाठी पहिला फोन मित्राला जातो, पण आता कोटेशन व्हॉट्सॲपवर लेखी मागवतात आणि ॲडव्हान्स ज्याचा त्याच्या खात्यात. गणपतीचं जेवण परत सुरू झालंय. मी मंडपवाल्याला विचारलं, सगळं पहिल्यासारखं झालं का? म्हणाला, "नाही सर. पहिल्यासारखं नाही. आता तो घरी आला की मी आधी विचारतो, काही काम होतं का?"

पुढच्या व्हिडिओत भागीदारीच्या करारनाम्यातली कलमं एकेक करून वाचणार आहोत: कर्ज कोणाच्या नावावर, पैसे कोणत्या खात्यात, ॲडव्हान्स परत करायचा निर्णय कोणाचा, आणि धंदा बंद पडला तर सामान कोणी वापरायचं. तुमचा करार झाला असेल तर तो समोर घेऊन बसा. झाला नसेल तर भागीदाराला सोबत घेऊन बसा.